डावा गाल

हॉस्पिटल क्वार्टर्स,
४ फेब्रुवारी

तीर्थरूप नाना यांस,
मिचकूचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्रास कारण की, तुमची मुलगी एक तारखेपासून या हॉस्पिटलची मेट्रन झाली. आत्याला मोठ्याने वाचून दाखवायला सांगा, म्हणजे शेजाऱ्यांनाही वेगळं कळवायला नको. फोन केला असता, पण फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेल्या निम्म्यात आत्या बोलते.

आमच्या दर्शनी कॉरिडॉरमध्ये आजवरच्या सगळ्या मेट्रनचे फोटो ओळीने लावलेले आहेत. अकरा आहेत. अकराही जणींच्या चेहऱ्यावर कोणीतरी आत्ताच थर्मामीटर फोडल्याचा भाव आहे. बारावी मी. अठ्ठावीस तारखेला फोटोग्राफर बाई येणार आहेत आणि त्यांनी तयारीसाठी एक छापील कागद पाठवलाय. आदल्या रात्री आठ तास झोप घ्या, असं त्यात पहिलंच वाक्य आहे. सत्तावीस वर्षं रात्रपाळ्या केलेल्या बाईला हे सांगणं म्हणजे थट्टाच. भरपूर पाणी प्या, चौकडीचे कपडे नकोत, केस आधी कापून घ्या, हे सगळं ठीक. पण शेवटी लिहिलंय की आरशासमोर बसून आपली चांगली बाजू कोणती ते पाहून ठेवा. नाना, माझी चांगली बाजू कोणती हे पाहायला मला आरसा लागत नाही.

त्या कागदाखाली एक रकाना आहे. चेहऱ्यावरचं काही काढून टाकायचं असेल तर तिथे लिहायचं. तो मी अजून कोरा ठेवलाय. आपल्या घरात तुम्ही काढलेले माझे चाळीसेक फोटो असतील आणि एकातही डाव्या गालावरचा डाग नाही. लहान असताना मला वाटायचं की फोटोतली मुलगी माझी कोणी दुसरी बहीण आहे आणि तुमचा जीव तिच्यावर जास्त आहे. तुम्हाला माझा डाग आवडत नव्हता का, हे मी कधी विचारलं नाही. आता एक्कावन्नाव्या वर्षी विचारते. डाग ठेवू की काढू?

आईवरचा राग उगाच पुन्हा वर आलाय. तिला जाऊन चार वर्षं झाली, गेलेल्या माणसाला बोल लावू नये हे मलाही कळतं. पण तिने त्या दिवशी तापलेल्या पाण्याचं भांडं नीट धरलं असतं, तर मी आज केस गालावर ओढून वॉर्डात फिरले नसते. कागदाचं उत्तर फोटोआधी द्यायचंय. तुमच्याइतके चेहरे कोणी पाहिले नसतील, तेव्हा तुम्ही सांगाल तसं करीन.

लोभ आहेच, तो असाच असू द्यावा.

तुमची,
मिचकू


स्टुडिओवरची माडी,
९ फेब्रुवारी

चि. मिचकूस, मेट्रनबाईंस,
नानांचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. आत्याने खिडकीत उभं राहून वाचलं, त्यामुळे बातमी गल्लीच्या टोकापर्यंत गेली आहे. खालचा स्टुडिओ बंद होऊन नऊ वर्षं झाली, पण आज मला जिना उतरून बाहेरच्या काचेत तुझा फोटो लावावासा वाटला. अक्षर मोठं आणि वाकडं आलंय, त्याला हसू नकोस. डोळे जरा कुरकुर करतात. वयाप्रमाणे चालायचंच.

आता नीट ऐक. तो छापील कागद बाजूला ठेव, मी सांगतो ते कर. केस आजपासून चार-पाच दिवसांत काप, आदल्या दिवशी नको. ताजे कापलेले केस फोटोत डोक्यावर टोपी ठेवल्यासारखे दिसतात. गणवेश नवा शिवू नकोस, दोनदा धुतलेला घाल. नवा कपडा माणसाच्या अंगावर बसत नाही, उभा राहतो. कॉलरला इस्त्री आतून कर. चेहरा धुऊन टिपून घे, चोळू नकोस, आणि कपाळावर नि नाकावर पावडरचा हात फिरव, तिथेच चमक येते. चष्म्याच्या काड्या कानावर किंचित उचल, म्हणजे काचेत दिवा दिसणार नाही. खुर्चीवर मागे टेकू नकोस. आणि तुझी जुनी खोड मी विसरलेलो नाही. प्रत्येक फोटोत डोळे मिटायचीस, म्हणून तर मिचकू झालीस. त्या बाई तीन म्हणायच्या आधीच डोळे मिटून घे आणि तीनला उघड.

डाग काढायला सांग. झाकली मूठ सव्वा लाखाची. कॉरिडॉरमधून जाणाऱ्या येणाऱ्याला आपली कहाणी कशाला सांगायची? त्यांना जमणार नसेल तर निगेटिव्ह माझ्याकडे पाठव, मी पेन्सिलने करून देतो. माझ्याइतका तुझा गाल कोणाला पाठ आहे?

एक गोष्ट मात्र लक्षात ठेव. दिवा जवळ आणू देऊ नकोस. सहा फुटांच्या आत नको. उजेड कमी पडला तर फोटो काळा येऊ दे. दिव्याच्या स्टँडच्या पायावर वजन ठेवलंय का ते बसण्याआधी स्वतः वाकून बघ. हे विसरू नकोस. फोटो नाही झाला तरी चालेल, पण हे विसरू नकोस.

तब्येतीला जप. आशीर्वाद आहेतच.

तुझे,
नाना


स्टुडिओवरची माडी,
११ फेब्रुवारी

चि. मिचकूस आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या बढतीचा आनंद इतका झालाय की मी दोन दिवस भावाशी भांडले नाही. तिसऱ्या दिवशी मात्र राहवलं नाही, म्हणून हे पत्र. पोस्टात मीच टाकणार आहे, तुझ्या वडिलांना सांगितलेलं नाही.

डोळे कुरकुर करतात असं त्याने लिहिलं असेल. तसं नाही ते. डॉक्टर म्हणाले की नजरेचा मधला भाग गेलाय, कडेकडेचं दिसतं; कुरकुरीला थेंब तेवढे दिलेत. समोरच्या माणसाचे कान दिसतात, खांदे दिसतात, चेहरा दिसत नाही. मला तो चालण्यावरून ओळखतो. तुझ्या पत्राच्या रात्रीपासून त्याने रिटचिंगचं जुनं डेस्क काढून ठेवलंय. तेच, मागे आरसा आणि मध्ये धुरकट काच असलेलं, ज्यावर निगेटिव्ह ठेवून तो लोकांचे वांग नि देवीचे व्रण घालवायचा. पेन्सिलींना सुईसारखी टोकं करून ठेवली आहेत आणि त्यातलं एक बोटात घुसवून घेतलंय. काय रिटच करणार आहे, देव जाणे.

त्याने तुला दिव्याबद्दल लिहिलं ना? मला वाटलंच. पोरी, मी या घरात पन्नास वर्षं तोंडाला कुलूप लावून राहिले, कारण किल्ली माझी नव्हती. आजही मी सांगणार नाही. पण तुझ्या आईला बोल लावायच्या आधी एकदा वडिलांना विचार, की त्या दिवशी वाळूची पिशवी कुठे होती. मी ती स्वतःच्या हातांनी उचलली होती, म्हणून मला माहीत आहे. विचारायला उशीर करू नकोस, आम्ही दोघंही आता काठावर बसलेली माणसं.

जेवणाची हेळसांड करू नकोस. माया आहे ती आहेच, ती वेगळी काय मागू.

तुझी,
आत्या


हॉस्पिटल क्वार्टर्स,
१६ फेब्रुवारी

तीर्थरूप नाना यांस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

केस कापले. गणवेश दोनदा धुतला. इस्त्री आतून केली. डोळे मिटून तीनला उघडायचा सराव आरशासमोर केला, तेव्हा स्टाफ नर्स दारातून डोकावली आणि मेट्रनला फिट आली की काय म्हणून धावत आत आली. इथवर तुमची आज्ञा पाळली.

काल फोटोग्राफर बाई जागा पाहायला आल्या होत्या. रेकॉर्डच्या खोलीत फोटो घ्यायचं ठरलंय. त्यांनी मला स्टुलावर बसवून दिवा लावून पाहिला. तुम्ही सांगितल्याप्रमाणे मी वाकून स्टँडचा पाय पाहिला. त्यावर वाळूची एक लांबट पिशवी टाकलेली होती. कशासाठी, असं विचारलं. त्या म्हणाल्या की स्टँड कलंडू नये म्हणून. धंद्यातला पहिला धडाच तो, त्यांच्या गुरूंनी पिशवी टाकल्याशिवाय कॅमेऱ्याला हात लावू दिला नव्हता, आणि समोर लहान मूल असेल तर दोन टाकायच्या. हे त्या अगदी सहज सांगत होत्या.

रात्री घरी येऊन केस मागे बांधले आणि दिव्याखाली माझा गाल पाहिला. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात, पण मला तो एक्कावन्न वर्षं लागला. मी हजारो भाजलेली माणसं पाहिली आहेत. मुलींना शिकवते की उकळतं पाणी सांडलं तर खाली ओघळतं, गळ्यावर जातं, त्याची कड फाटलेली असते. माझ्या गळ्यावर काही नाही. माझ्या गालावर एक कमान आहे, स्वच्छ, एखाद्या डब्याची कड टेकवावी तशी. तापलेली वस्तू टेकल्यावर अशी खूण उठते. दुसऱ्या कुणाच्या गालावर ती असती तर मी एका नजरेत सांगितलं असतं. स्वतःच्या गालाकडे मी कधी नर्स म्हणून पाहिलंच नाही, फक्त बाई म्हणून पाहिलं आणि चिडले.

आणि मला पाणी आठवतच नाही. आठवतो तो एक पांढराशुभ्र गोल आणि केस जळल्याचा वास. ते मी स्वप्न समजत आले होते.

वाळूची पिशवी कुठे होती, नाना? आई कुठे उभी होती? फोटोला अजून बारा दिवस आहेत. तो रकाना मी तुमच्या उत्तरानंतर भरणार आहे. मला खरं तेवढं लिहा.

मिचकू


स्टुडिओवरची माडी,
२१ फेब्रुवारी

चि. मिचकूस अनेक आशीर्वाद.

तू मागितलंस ते देतो. हे पत्र मी स्वतः लिहितोय. ओळी एकमेकींवर चढल्या असतील तर आत्याकडून लिहून घेतलं नाही एवढं समज.

तू साडेतीन वर्षांची होतीस. स्टुडिओ नवा होता आणि बाहेरच्या काचेत लावायला एका मुलाचा चांगला फोटो हवा होता. मुलांचे फोटो काढणारा म्हणून माझं नाव व्हावं, ही माझी हाव. तुला बसवलं. आई तुझे केस विंचरून बाजूला उभी राहिली. तू दर वेळी डोळे मिटायचीस. मोठा दिवा दूर होता, तुझ्या डोळ्यांत त्याचा ठिपका येत नव्हता. मला तो ठिपका हवाच होता. म्हणून मी स्टँडच्या पायावरची वाळूची पिशवी काढून कोपऱ्यात ठेवली, स्टँड ओढत तुझ्याजवळ आणला, आणि पिशवी परत ठेवायला वळणार तोच तू डोळे उघडे ठेवून शांत बसलीस. पहिल्यांदाच. मी पिशवी तशीच टाकून कॅमेऱ्याकडे धावलो.

कॅमेऱ्यातून पाहत होतो. कडेने आईचा हात आत आला. मला वाटलं, ही पुन्हा तुझे केस सारखे करायला आली. मी बटण दाबलं आणि हात आत आला म्हणून फोटो वाया गेला या रागाने तिच्यावर ओरडलो, की हात बाजूला घे. मिचकू, तिने घेतला. मी ओरडलो की ती दचकायची, तुला आठवत असेल. तिला स्टँड कलंडताना दिसला होता, म्हणून तिने हात पुढे केला होता. माझ्या ओरडण्याने तो हात एक क्षण मागे गेला. तेवढ्यात दिवा आला. दिव्याचा पत्र्याचा टोप तुझ्या गालाला टेकला. मग तिने तो दोन्ही हातांनी धरून फेकला. तिचा उजवा तळवा पुन्हा कधी पुरता मिटला नाही, ते यामुळे. तू समजत होतीस की भांडं सांडताना भाजला.

शेजारची माणसं धावत आली. त्यांच्यासमोर तिनेच सांगितलं, की पाण्याचं भांडं माझ्या हातून सुटलं. मी तिला तसं सांगायला लावलं नाही. पण मी तोंडही उघडलं नाही. स्टुडिओत मूल भाजलं हे बाहेर गेलं असतं तर कोणत्या आईबापाने आपलं मूल माझ्यापुढे बसवलं असतं? तिने ते त्या क्षणी ओळखलं आणि मी तिच्या आड लपलो. चाळीस वर्षं मुलांचे फोटो काढून घर चालवलं ते या आडोशाने.

तू मोठी झालीस, तिच्याशी तोडून वागायला लागलीस, तेव्हा मी तुला सांगायचं ठरवलं होतं. तिने नको म्हटलं. म्हणाली, पोरीचं एकावरून मन उडालंच आहे, निदान एक तरी राहू दे तिला. आणि मला ते सोयीचं होतं. तुझ्या फोटोंवरचा डाग मी का काढत होतो ते आता कळलं असेल. तुझा गाल मला नावडता नव्हता. मला माझी चूक दिसायला नको होती. तिच्या तळहातावरूनही मी तशीच पेन्सिल फिरवत आलो.

माफी मागत नाही. ज्या बाईची मागायची ती चार वर्षांपूर्वी गेली, तिच्याही समोर धीर झाला नाही. तू त्या रकान्यात तुला वाटेल ते लिही.

तुझे,
नाना


स्टुडिओवरची माडी,
१० मार्च

चि. मिचकूस अनेक आशीर्वाद.

पोस्टमन येतो तेव्हा मी जिन्याच्या वरच्या पायरीवर असतो. आत्या म्हणते मी त्या माणसाला घाबरवून सोडलंय. तुझा फोटो झाला असेल. झोप मिळाली होती का? कॉलर बसली का नीट? एवढंच कळव. दोन ओळी पुरेत. दोन ओळीही जिवावर येत असतील तर कोरं पाकीट पाठव, पत्त्यावरचं तुझं अक्षर आत्या ओळखेल.

तुझे,
नाना


हॉस्पिटल क्वार्टर्स,
१८ मार्च

ती. आत्यास सा. न. वि. वि.

नानांना लिहायला बसते आणि मायन्याच्या पुढे जात नाही. तीर्थरूप हा शब्द लिहून तीन कागद फाडले. म्हणून तुला लिहिते. त्यांना यातलं काय वाचून दाखवायचं ते तू ठरव.

अठ्ठावीसला मी फोटोला बसले नाही. आजारी असल्याचं कळवलं. सत्तावीस वर्षांतली माझी ही पहिली खोटी रजा. दिवसभर खोलीत बसून आईचे शेवटचे दिवस एकेक करून आठवले. मी तेव्हा पाच दिवस आले होते. चादरी बदलल्या, ताप मोजला, औषधं वेळेवर दिली, कुठे काही कमी ठेवलं नाही. तिच्या पलंगावर मात्र एकदाही बसले नाही. एका दुपारी तिने मला तिचे केस विंचरून द्यायला सांगितलं होतं. मी म्हटलं, सकाळी आया येईल ती करील. ती बरं म्हणाली. त्या उजव्या हाताने स्वतःच विंचरायला गेली आणि कंगवा धरवेना, तो खाली पडला. मी कंगवा उचलला, धुतला आणि खणात ठेवून दिला. आत्या, धुऊन ठेवून दिला गं मी. हातात घेऊन बसले नाही.

शाळेत असताना ती रोज सकाळी माझे केस मागे ओढून घट्ट बांधायची, कपाळ ताणलं जाईपर्यंत. मी बाहेर पडले की सोडून गालावर ओढायचे. मला वाटायचं ही दुष्टपणाने माझा डाग चारचौघांत दाखवते. ती म्हणायची की तुझं झाकण्यासारखं काही नाही. मला वाटायचं, हिनेच केलं आणि वर हीच सांगते. तिचा तो खरखरीत तळवा कपाळावरून फिरला की मी अंग चोरून घ्यायचे. तिला ते कळत नसेल असं कसं होईल?

शेवटी पंधरा मार्चला फोटो काढला. आदल्या रात्री किती झोपले ते विचारू नकोस. सकाळी आरशासमोर बसून केस मागे घेतले, आई घ्यायची तसे, मधोमध भांग पाडून, दुखेपर्यंत ओढून. पावडर लावली नाही. फोटोग्राफर बाईंनी विचारलं की दिवा उजवीकडून ठेवू का, डावी बाजू सावलीत जाईल. मी म्हटलं डावीकडून ठेवा. रकान्यात लिहिलं, काही काढायचं नाही. फोटोची एक प्रत यासोबत पाठवते. नानांना दाखव किंवा नको दाखवू.

एक विचारायचं आहे. त्या दिवशी नानांनी बटण दाबलं होतं. ती निगेटिव्ह त्यांनी फेकली, का ठेवली?

तुझी लाडकी म्हणवून घ्यायची लायकी उरली असेल तर लाडकी,
मिचकू


स्टुडिओवरची माडी,
२६ मार्च

चि. मिचकूस आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी सबंध वाचून दाखवलं. गाळायचं तर काय गाळू? एवढी वर्षं गाळूनच हे झालं. कंगव्यापाशी मी कागद खाली ठेवला. तुझे वडील पुढे वाच म्हणाले.

फोटो त्याने हातात घेतला. मान वाकडी करून, कडेच्या नजरेने, इकडून तिकडून पाहिला. कॉलर छान बसली म्हणाला. केस मागे घेतलेत हे त्याला दिसलं, कान उघडे आहेत हेही. चेहरा काही केल्या दिसेना. मग मला विचारलं, डाग आहे का. मी म्हटलं, आहे. केवढा आहे, म्हणून विचारलं. आता काय सांगू? मी त्याचं बोट धरलं आणि त्याच्याच गालावर फिरवून दाखवलं, कानाजवळून निघतो आणि ओठाच्या कोपऱ्याच्या थोडा अलीकडे थांबतो. एकदा फिरवलं. मग तो स्वतःच फिरवत बसला. दुपारभर बसला होता. जेवायला हाक मारली तर म्हणाला की मला वाटत होतं त्याहून मोठा आहे.

निगेटिव्ह आहे. मला वाटलं होतं कधीच फेकली असेल. तो खाली गेला, भिंतीला हात लावत लावत, आणि तिसऱ्या कपाटातल्या सगळ्यात मागच्या डब्यातून चाचपून काढली. पाकिटावर नंबर नाही, नाव नाही. त्या निगेटिव्हवर पेन्सिल कधी लावली नाही आणि तिचा कागदावर फोटोही कधी काढला नाही, असं म्हणाला. जपून पुठ्ठ्यात बांधून पाठवते आहे. बांधताना दोरीची गाठ त्याने मारली, हे तुला सांगावंसं वाटलं.

त्याला शिक्षा करायची असेल तर कर, मी मध्ये पडणार नाही. तुझी आई माझी वहिनी होती आणि माझी मैत्रीणही होती, मीसुद्धा गप्प बसलेच की. पण पत्र पाठव. शिव्यांचं पाठव. त्या पायरीवर फार गारठा असतो.

तुझी,
आत्या


हॉस्पिटल क्वार्टर्स,
९ एप्रिल

नाना यांस,
नमस्कार.

मायना एवढाच जमला. हे पत्र आत्या वाचून दाखवील, तेव्हा सावकाश वाच म्हणावं.

निगेटिव्ह नीट पोचली. फोटोग्राफर बाईंकडून ती मोठी छापून घेतली. त्यांनी कडेचा भाग कापून टाकू का विचारलं, तिथे कोणाचा तरी हात मध्ये आलाय म्हणाल्या. मी सांगितलं, कडा धरून सगळं छापा.

तुम्ही हा फोटो कागदावर कधी पाहिला नाहीत आणि आता पाहू शकणार नाही. म्हणून काय दिसतं ते लिहिते. मी स्टुलावर बसले आहे. पाय जमिनीला पोचत नाहीत. केस मागे घट्ट बांधलेले आहेत. गालावर काही नाही. डोळे उघडे आहेत आणि दोन्ही डोळ्यांत दिव्याचा ठिपका आहे, तुम्हाला हवा होता तसा. पण मी कॅमेऱ्याकडे बघत नाहीये, उजवीकडे वर बघते आहे. तिथून आईचा हात आत आलाय. कोपरापासून पुढचा. तळवा उघडा आहे, साफ, एक सुरकुती नाही. अंगठ्याच्या बेचक्यात कंगवा तसाच अडकून राहिलाय. आईचा असा हात मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. मी जो ओळखत होते तो नंतरचा.

तुम्हाला माफ केलं असं लिहायला पेन पुढे सरकत नाही. ओढूनताणून लिहिलं तर तेही रिटचिंगच होईल. राग तुमच्यावर आहे आणि त्याहून जास्त माझ्यावर आहे. तुम्ही एकदा गप्प बसलात आणि मग गप्पच राहिलात. मी मात्र रोज नव्याने तिच्याशी वाईट वागले, आणि ती रोज सकाळी कंगवा घेऊन उभी. याचं काय करायचं ते मला कळत नाही. वॉर्डात कोणी अशी गोष्ट सांगितली तर मी जवळ बसून धीराचे शब्द बोलते. स्वतःला बोलायला गेले तर एकही आठवत नाही.

तीस तारखेपासून आठ दिवसांची खरी रजा घेतली आहे. येते. तुमच्या डोळ्यांत थेंब कोण घालतंय, कसं घालतंय, ते मला पाहायचंय. आत्याचे हात कापतात, तिला ते जमत नसणार. पायरीवर बसू नका, गाडीची वेळ मी कळवीन.

मेट्रनचा फोटो कॉरिडॉरमध्ये लागला. बाराव्या नंबरावर, डावा गाल उजेडात. नव्या मुली जाताना थांबून बघतात, मग माझ्याकडे बघतात, आणि मग कामाला लागतात. तुमचा फोटो मी माझ्या ऑफिसात टेबलासमोरच्या भिंतीवर लावलाय. तो तुमचाच म्हणायचा, आजवर तुम्ही काढलेल्यांपैकी ज्याला हात लावला नाहीत असा तो एकच. कोणी विचारलं तर सांगते, ही मी आणि ही आई.

तुम्ही हात बाजूला घे म्हणालात आणि तिने घेतला, हे तुमचं वाक्य मी रोज वाचते. मग मान वर करते. फोटोत तो अजून आत आहे.

लोभ आहे तेवढा राहू दे, वाढवायचं पुढे बघू.

मिचकू